खाचेतल्या अक्षता

दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या सकाळी, राजाजीनगरमधल्या माझ्या दुकानात एक बंद पडलेला व्हिडिओ गेम दुरुस्तीला आला. कॅसेट बसवायच्या त्याच्या खाचेत हळद, ओलं कुंकू आणि अक्षता होत्या.

आणणाऱ्या गृहस्थांचं नाव रामराव माने. सत्तरीच्या पुढचे, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर आदल्या दिवशीचं गंध. यंत्र त्यांनी पंच्यात गुंडाळलं होतं. दुकान त्या दिवशी बंद होतं, पण दुकान म्हणजे आमच्या घराचीच रस्त्याकडची खोली. त्यांनी घराची घंटा वाजवली.

"सुमनक्का, सणाचा त्रास देतो. पण हे आजच बघायला पाहिजे."

"काय झालं, अण्णा?"

"आयुधपूजा झाली."

खंडेनवमीला इथे, कन्नड मुलखात, आयुधपूजा म्हणतात आणि ती कुणी चुकवत नाही. रिक्षा, बस, लेथ, शिवणयंत्र, ऑफिसातले कॉम्प्युटर, सगळ्यांना झेंडूचा हार आणि हळदकुंकू. रस्त्यावर फोडलेल्या कोहळ्यांवरून गाड्या घसरतात. मान्यांच्या घरी दर वर्षी दोन गोष्टींची पूजा व्हायची: रामरावांची स्कूटर आणि त्यांच्या पत्नीची शिट्टी. त्या वर्षी रामरावांनी तिसरी गोष्ट पाटावर ठेवली.

शिट्टी होती, कारण शकुंतलाबाई मल्लेश्वरमच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्या भागात त्यांना सगळे पीटी मिस म्हणतात. त्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय परत आला. उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत परत आला आणि तिथे थांबला. बोटं सांगितलेलं ऐकत, पण उशिरा. फिजिओथेरपिस्टने स्पंजचा चेंडू आणि कपड्यांचे चिमटे दिले. "मी पोरांना डंबेल्स दिले, हा मला वाळवणाचं सामान देतो," असं म्हणून त्यांनी दोन्ही बाजूला ठेवलं आणि माळ्यावरून जुना व्हिडिओ गेम काढायला लावला.

ज्यांनी असे गेम पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. टीव्हीला जोडायचा एक डबा. त्यात वरून कॅसेट बसवायची. ही गाण्यांची नव्हे, प्लास्टिकच्या पेटीत छोटा सर्किट बोर्ड असतो. वायरने जोडलेला रिमोट दोन्ही हातांत धरायचा. डाव्या अंगठ्याखाली दिशेची कळ, उजव्या अंगठ्याखाली दोन बटणं. शकुंतलाबाईंच्या कॅसेटमध्ये प्राण्यांची क्रीडास्पर्धा होती. ससा, अस्वल, पेंग्विन आणि माकड. सगळे गुबगुबीत, सगळ्यांना चड्ड्या आणि छातीवर नंबर. शर्यत सुरू होण्याआधी अस्वल प्रेक्षकांना हात हलवतं आणि हरलेलं पेंग्विन बसून रडतं. उजवीकडची दोन बटणं आळीपाळीने दाबली की आपला प्राणी धावतो. जितकी भराभर, तितका वेग. डाव्या कळीने उडी.

म्हणजे धावायचं काम पूर्णपणे उजव्या अंगठ्याचं. शकुंतलाबाईंनी अडथळ्यांची शर्यत निवडली आणि ससा निवडला. कॅसेट त्यांनी कधीकाळी शाळेत एका मुलाकडून जप्त केली होती. "तो परत घ्यायलाच आला नाही, मी काय करू," हे त्याबद्दलचं त्यांचं निवेदन.

"त्या वर्षी घरातलं खरं आयुध हेच," रामराव मला सांगत होते. "म्हणून स्वल्प जास्त केलं."

"जास्त केलंत ते ठीक. आत का घातलंत?"

"कॅसेटचं तोंड आतच आहे की. नैवेद्य काय डब्याच्या झाकणाला दाखवतात?"

"आणि मग सुरू केलंत."

"पूजेनंतर यंत्र एकदा चालवायचं असतं," ते म्हणाले. "वास आला. मग बंद केलं."

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती सांगताना ते रस्त्याकडे बघत होते. शकुंतलाबाईंनी फिजिओथेरपिस्टला मुदत दिली होती. संक्रांतीपर्यंत ससा अस्वलाच्या पुढे गेला तर व्यायाम चालू. नाही गेला तर हा हात एवढाच, असं समजून त्या सगळं बंद करणार. चेंडू नाही, चिमटे नाहीत, कुणी घरी यायचं नाही.

"ती बोलते तसं करते," रामराव म्हणाले. "एकदा भात सोडते म्हणाली, तेव्हापासून घरात दोन वेगळे कुकर आहेत."

मी एका सरकारी कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या चाचणी विभागात नोकरी केली. तिथे दोषाचा अहवाल लिहिताना आधी दिसलं ते लिहायचं, अंदाज शेवटी. स्वेच्छानिवृत्तीनंतर मी जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करायला बसले, तेव्हा ही पद्धत सोबत आणली. या धंद्यात बिघाड फार प्रकारचे नसतात. सर्वांत जास्त काम मळाचं. कॅसेट लागली नाही की ती काढायची, तोंडाजवळ धरून फुंकायची आणि परत बसवायची, हे देशभर सगळ्या मुलांनी केलं. तोंडातल्या वाफेने तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडतात. माझ्या दुकानात कन्नडमध्ये पाटी आहे: ऊदबेडी, म्हणजे फुंकू नका. पाटी वाचून झाल्यावर गिऱ्हाईक माझ्यासमोर फुंकून दाखवतं.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकांनीच शिकवली. के. आर. पुरमहून सॉफ्टवेअरमधले एक गृहस्थ गेम घेऊन आले होते. चित्र हिरवट दिसत होतं. मी ते दुरुस्त केलं, रंग नीट आले. ते बराच वेळ पडद्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "मॅडम, माझ्या लहानपणी हे हिरवंच होतं. परत तसं कराल का?" मी केलं. दोष परत घालायला दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागला. तेव्हापासून मी आधी विचारते, तुम्हाला काय हवं आहे.

मान्यांना काय हवं ते स्पष्ट होतं. मुलाने त्यांना टॅबलेटवर तसाच खेळ घालून दिला होता. शकुंतलाबाईंनी तो परत केला. काचेवर अंगठा टेकला की दाबला, हे त्यांच्या अंगठ्याला कळत नव्हतं. बटण खाली जातं आणि वर येतं, ते कळत होतं.

दसऱ्याला दुपारी मी डबा उघडला. अक्षता चिमट्याने काढल्या. खाचेतल्या दोन पिना वाकल्या होत्या. दुसऱ्या एका मेलेल्या डब्यातली खाच काढून इथे बसवली. कॅसेटचा बोर्ड स्पिरिटने धुतला. कुंकू गेलं, हळदीचा पिवळा डाग राहिला, तो आजही आहे. ओलं कुंकू पट्ट्यांवर पसरलं होतं आणि सुरू करताच बोर्डवरची तांब्याची एक बारीक रेघ जळली होती. तिच्यावरून केसाएवढी तार सोल्डर केली. मग टीव्हीला जोडलं.

मैदान आलं, पण फाटलेलं. प्रत्येक चित्रावर उभे पट्टे. प्राण्यांच्या जागी चार पट्टेरी चौकोन. पिस्तुलाचा आवाज आला आणि चौकोन धावू लागले. अशा कॅसेटमध्ये खेळाचे नियम एका चिपमध्ये असतात आणि चित्रं दुसऱ्या चिपमध्ये. नियम शाबूत होते, चित्रांकडे जाणारी एखादी रेघ तुटली होती.

मी फोन करून तसं कळवलं. तासाभरात दोघं रिक्षाने आले. शकुंतलाबाईंना मी पहिल्यांदा त्या दिवशी पाहिलं. उंच, केस कापलेले, पायांत कॅनव्हासचे बूट. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने उचलून काउंटरवर ठेवला, जसं सामान ठेवतात.

"पूजा यांनी केली," त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. "शाळेत असते तर चार फेऱ्या दिल्या असत्या. आता गुडघ्यांकडे बघून सोडलं."

"मी तुझ्यासाठीच केलं."

"म्हणून तर सोडलं. सुमन, लाव बघू."

त्यांनी रिमोट घेतला. पट्टेरी चौकोन धावला, पहिल्या अडथळ्याला आपटला, उठला, परत आपटला.

"अडथळा दिसत नाही," त्या म्हणाल्या. "ससा नाही दिसला तरी चालेल. तो कुठे आहे ते मला माहीत आहे. अडथळा दिसायला पाहिजे."

मी त्यांना बोर्ड दाखवला. चित्रांच्या चिपवर काळा, घट्ट, डांबरासारखा ठिपका असतो. स्वस्त कॅसेटमध्ये चिप अशीच झाकून टाकलेली असते. ती काढता येत नाही, बदलता येत नाही. या धंद्यातलं माझं सर्वांत मोठं दुःख हे ठिपकेच आहेत. किती कॅसेट मी ठिपक्यापर्यंत जाऊन परत दिल्या. तुटलेली रेघ इथे ठिपक्याच्या कडेखाली जात होती. कड खरवडून रेघ उघडी करता आली तर तार जोडता येईल. ब्लेड थोडं पुढे गेलं तर चिपच्या आतल्या तारा तुटतील आणि कॅसेट कायमची गेली. मी ज्या कॅसेट अशा खरवडल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच गेल्या होत्या. दुसरी अशीच कॅसेट मिळेल का, हेही मी ओळखीच्या दुकानदारांना विचारून ठेवलं होतं. कुणाकडे नव्हती.

रामराव म्हणाले, "तसंच राहू दे. पट्टे असले तरी धावतंय ना."

"धावतंय आणि आपटतंय," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मी आपटायला शिकत नाहीये."

"पण पूर्णच गेलं तर, शकू?"

"तर तू मला दुसरं काहीतरी शोधून देशील. आणि त्याची पूजा करणार नाहीस." मग माझ्याकडे वळून, "कर गं. आज नको. हात स्थिर असेल त्या दिवशी कर. हाताचं मला कळतं."

मी तीन सकाळी फक्त बघण्यात घालवल्या. चौथ्या सकाळी भिंगाखाली ब्लेडने कड खरवडली. रेघ उघडी झाली. तार जोडली, टीव्ही लावला. अस्वलाने प्रेक्षकांना हात हलवला.

खेळ घरी गेला. कार्तिकात रामराव एकटे परत आले. या वेळी रिमोट होता. उजवी बटणं झिजली होती. बटणाखाली रबराची चकती असते, तिच्या तळाला काळा कार्बन. तो दाबल्यावर बोर्डला टेकतो आणि बटण लागतं. रोजच्या दाबण्याने तो उडाला होता. मी चकत्या बदलत असताना ते काउंटरवर रेलून बसले.

"एक विचारू?" ते म्हणाले. "या रिमोटवर ती दोन जादा बटणं आहेत. ती दाबून धरली की प्राणी आपोआप धावतो."

ते खरं होतं. अशा बहुतेक रिमोटवर ती असतात. शकुंतलाबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांच्यावर चिकटपट्टी लावून टाकली होती.

"तेच आतून साध्या बटणांना जोडता येतं का? बाहेरून काही दिसणार नाही असं?"

"एक तार लागते," मी म्हटलं. "चहा होईपर्यंत होईल."

"मग करा, अक्का. संक्रांत जवळ आली. ससा अजून शेवटून दुसरा येतो. पेंग्विनच्या पुढे, बस्स. ती रोज बघते आणि काही बोलत नाही. ती बोलत नाही म्हणजे काय ते मी जाणतो."

चकत्या बसवून मी रिमोट बंद केला.

"अण्णा, त्या लेन सोडून धावणारं पोर पाठीमागून ओळखायच्या. स्वतःचा अंगठा धावतोय की नाही, ते त्यांना कळणार नाही?"

त्यांनी पंचा काउंटरवर पसरला. "कळेल," म्हणाले. "मग माझे गुडघेही बघणार नाही."

"बटण नीट लागेल एवढं मी केलंय. ते आधी अर्ध्या वेळा लागतच नव्हतं. त्यांची काही पावलं वाया जात होती."

"म्हणजे तिचा दोष नव्हता?"

"किती बटणाचा आणि किती अंगठ्याचा, ते मला सांगता येणार नाही."

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले आणि रिमोट पंच्यात गुंडाळून घेऊन गेले.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी दोघं डब्यासह दुकानात आले. रामरावांच्या हातात एळ्ळू-बेल्लाची पुडी होती: तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे. शकुंतलाबाईंच्या गळ्यात शिट्टी होती.

"घरी साक्षीदार म्हणजे नवरा," त्या म्हणाल्या. "तो चालत नाही. तू बघ आणि दिसेल ते सांग. तीन संधी, मैदानावर असतात तशा."

मी टीव्ही लावला. त्या स्टुलावर ताठ बसल्या. रिमोट मांडीवर टेकवला नाही, हवेत धरला. रामराव दाराशी उभे राहिले, पडद्याकडे पाठ करून.

पहिल्या संधीला पिस्तुलाआधी बटण दाबलं गेलं. सशाने मान खाली घातली, पडद्यावर लाल पाटी आली.

"फॉल्स स्टार्ट," शकुंतलाबाई स्वतःच म्हणाल्या. "कुणाला रागवायचं आता?"

दुसऱ्या संधीला ससा नीट निघाला. मधल्या अडथळ्याला आपटला. पेंग्विनही त्याच्या पुढे गेलं.

"काय झालं?" दारातून रामरावांनी विचारलं.

"वळू नकोस."

"चौथा?"

"चारच धावतात. चौथा म्हणजे शेवटचा. शेवटचा म्हण."

त्यांनी रिमोट खाली ठेवला, उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने एकेक करून सरळ केली आणि परत उचलला. तिसऱ्या संधीला अंगठा आधी सावकाश चालला. एक, दोन, एक, दोन, अंतर सारखं. मग अंतर कमी झालं. पहिला अडथळा गेला. दुसरा गेला. पेंग्विन मागे राहिलं, मग माकड. शेवटचा अडथळा सशाने ओलांडला तेव्हा अस्वल त्याच्या पुढे होतं. रेषेवरही पुढेच होतं. फार नव्हतं, कानाएवढं असेल.

रामराव वळले होते. पडद्यावर अस्वल पहिल्या पायरीवर हात हलवत होतं. ससा दुसऱ्या पायरीवर टाळ्या वाजवत होता.

"सांग," शकुंतलाबाई मला म्हणाल्या.

"अस्वल पहिलं. ससा दुसरा. उजव्या हाताने."

बाहेर उसाच्या मोळ्या घेतलेली हातगाडी गेली. रामरावांनी पुडी उघडली, बंद केली, परत उघडली.

"शकू," ते म्हणाले, "तू म्हणाली होतीस की संक्रांतीपर्यंत…"

"मला आठवतं मी काय म्हणाले होते." त्या पडद्याकडेच बघत होत्या. "दुसरा नंबर आला म्हणून मैदान सोडून गेलेलं पोर माझ्या शाळेत नव्हतं. असतं तर मी त्याला सोडलं नसतं. त्या फिजिओच्या पोराला सांग, युगादीपर्यंत. आणि त्याला म्हणावं, चिमटे परत आण. हे बटण दाबून फक्त अंगठा सुधारतोय. बाकीची चार बोटं फुकट बसून आहेत."

रामरावांनी मला एळ्ळू-बेल्ला दिलं. देताना निम्मं काउंटरवर सांडलं.

युगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, थोडं आधी शकुंतलाबाईंचा फोन आला. ससा अस्वलाच्या पुढे गेला, असं त्यांनी सांगितलं. मागून रामराव म्हणाले, "मी पाहिलं, मी पाहिलं." त्यावर शकुंतलाबाई म्हणाल्या, "तो चालत नाही." मी स्वतः ती शर्यत पाहिलेली नाही. म्हणून त्यांनी फोनवर असं सांगितलं, एवढंच इथे लिहिते.

गेल्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी मला घरी बोलावलं. पाटावर स्कूटरची किल्ली, शिट्टी आणि व्हिडिओ गेम होता. खाचेवर स्वच्छ फडक्याची घडी ठेवली होती. रामरावांच्या हातात तांब्या नव्हता, त्यांना हात जोडून उभं राहायला सांगितलं होतं. शकुंतलाबाईंनी कुंकवाच्या कोयरीत बोट बुडवलं, डब्याच्या बाहेरच्या बाजूला टेकवलं आणि गोल टिकली उमटली. कुंकू कोरडं होतं. बोट उजव्या हाताचं होतं.